कोरा रिपोर्ट

"अंगावर धातूचं काहीही ठेवायचं नाही," मी म्हणाले. "बांगड्या, जोडवी, कानातलं, सगळं काढा."

कांचन गवसाने कपडे बदलायच्या खोलीत स्टुलावर बसून एकेक वस्तू काढत होती आणि तिचा नवरा दारातून हात पुढे करून ती घेत होता. मंगळसूत्रापाशी ती थांबली, तेव्हा तोच समजुतीनं म्हणाला, "काढ गं. मशीनला चालत नाही ते." सगळं त्यानं रुमालात बांधलं, गाठ मारली आणि खिशात ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, आत थंडी असते ना? तिला पांघरूण मिळेल?"

मला तो माणूस आवडला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी तेव्हा रेडिओलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते. हायवेवरचं ट्रस्टचं मेडिकल कॉलेज, आजूबाजूला डाळिंबाच्या बागा आणि आसपासच्या चार तालुक्यांतलं एकमेव बऱ्यापैकी एमआरआय मशीन. डिसेंबरात थिसिस द्यायचा होता. तो दिला नाही तर परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि सप्टेंबर उजाडला तरी माझे साठातले नऊ रुग्ण भरायचे होते.

विषय डॉ. देशमाने सरांनी दिला होता. मेंदूत कधी कधी अगदी बारीक रक्तस्राव होतो, मोहरीएवढा, त्याहूनही लहान. रक्त जिरून जातं, पण त्यातलं लोह तिथंच राहतं आणि चुंबकाच्या फोटोत काळा ठिपका म्हणून उमटतं. हे ठिपके टिपायची एक जुनी पद्धत होती, आणि आमच्या मशीनवर नुकतीच एक नवी पद्धत आली होती, एसडब्ल्यूआय नावाची. तिला पाच मिनिटं जास्त लागत. मी प्रत्येक रुग्णावर दोन्ही वापरायच्या, ठिपके मोजायचे आणि कुठली पद्धत किती सरस ते सांगायचं. एवढंच काम. ज्यांच्या डोक्याला पूर्वी मार लागला आहे असे रुग्ण मात्र घ्यायचे नव्हते, कारण आमचा अभ्यास रक्तदाबानं आणि वयानं होणाऱ्या ठिपक्यांचा होता.

कांचन एकोणतीस वर्षांची होती. मानसोपचार विभागातून आली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: विसरभोळेपणा, चेहरे न ओळखणं, डोकेदुखी, वर्षभरापासून. चिठ्ठीतली प्रत्येक गोष्ट नवऱ्यानं सांगितलेली होती. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही तोच देत होता.

"शरीरात कुठं सळई, क्लिप?"

"नाही मॅडम."

"दिवस गेलेत का?"

"नाही. एक मुलगी आहे, पाच वर्षांची. ईश्वरी." आणि मग हळू आवाजात, "मॅडम, मार्चमध्ये एका खाजगी सेंटरमध्ये फोटो काढला होता. त्यांनी नॉर्मल म्हणून दिला. तेव्हापासून हिच्या माहेरचे म्हणतात, काही झालेलं नाही तिला. पण घरात तर रोज काहीतरी घडतंय. परवा गॅस सुरू ठेवून शेजारी जाऊन बसली. मुलगी घरात एकटी. काय करायचं माणसानं?"

तो शाळेत गणित शिकवायचा. उमाकांत नाव. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन. अभ्यासासाठी दोन्ही पद्धतींचे फोटो घ्यायला परवानगी लागते, असं सांगून मी फॉर्म पुढे केला, तर त्यानं तो ओळ न् ओळ वाचला, बायकोला सही करायला सांगितली आणि खाली स्वतःची केली.

आमचे तंत्रज्ञ मुलाणीकाका वीस वर्षं हेच काम करत होते. मशीन सुरू झालं की आतला माणूस आवाजानं दचकतो, हलतो, मग फोटो पुन्हा काढावा लागतो. पाऊण तास झाल्यावर काका काचेतून बघत म्हणाले, "डॉक्टर, ही बाई एकदाही हलली नाही. एवढ्या आवाजात इतकं गप्प पडून राहणारं माणूस मी अजून पाहिलं नाही."

जुन्या पद्धतीच्या फोटोत एक ठिपका होता. कपाळामागे, तोही शंकास्पद. मग नवी पद्धत लावली. पाच मिनिटांनी पडद्यावर फोटो उतरू लागले आणि मी खुर्ची पुढे ओढली. एक, दोन, सात. दोन्ही बाजूंना, कपाळामागे, कानांच्या वर, आणि मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्यात एक ओळच्या ओळ. मी दोनदा मोजले. एकतीस.

रक्तदाबाचे ठिपके खोल गाभ्यात असतात. म्हातारपणाचे वेगळ्या जागी असतात. हे सगळे तिथं होते, जिथं डोकं आपटल्यावर मेंदू कवटीवर आदळतो किंवा ताणला जातो.

"काका," मी म्हणाले, "तिच्या नवऱ्याला हा फॉर्म द्या. खालून रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का आणायला सांगा."

"शिक्का कशाला? लागत नाही."

"सांगा तुम्ही."

काकांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्म घेऊन गेले.

कांचनला मी कपडे बदलायच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"डोक्याला कधी मार लागला होता का?"

"पडले होते."

"कितीदा?"

तिनं दाराकडे पाहिलं. "हे कुठं गेले?"

"खालच्या मजल्यावर. वेळ लागेल त्यांना. कांचन, फोटोत दिसतंय मला. पडून असं होत नाही."

दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं ती म्हणाली, "हातानं नाही मारत. हाताचं उमटतं ना. उशी घेतात. भिंतीला उशी लावायची आणि त्यावर डोकं. केस धरून. खूण राहत नाही." मग, "ईश्वरी झोपल्यावरच. तेवढं सांभाळतात."

मग तिनंच विचारलं, "सगळं दिसतंय त्या फोटोत?"

"एकतीस ठिकाणी."

"मोजता येतं होय." तिला त्याचं नवल वाटलं. मग तिनं माझा हात धरला. "मॅडम, एक ऐकाल? आधीच्या डॉक्टरांनी लिहिलंय तसंच लिहा. काही नाही म्हणून. कोरा द्या रिपोर्ट."

"का?"

"तसाच बरा आहे."

"अहो, हा पुरावा आहे तुमचा. असा पुरावा हजारांत एखादीला मिळतो. आणि तुम्ही त्याला वाचवायला बघताय?"

"त्यांना नाही हो. तो कागद माझ्या भावाच्या वकिलांनी—"

दारावर टकटक झाली. "कांचन, झालं का?" उमाकांतचा आवाज. "मॅडम, खालचे म्हणतात असा शिक्का लागतच नाही."

तिनं हात सोडला. चेहरा असा पुसला गेला, की क्षणभर मलाच वाटलं, हिनं काही सांगितलंच नसेल. बाहेर जाऊन तिनं रुमालाची गाठ सोडली आणि एकेक बांगडी चढवू लागली. तो तिच्यासाठी चप्पल सरळ करून ठेवत होता.

मी तिच्या मागे गेले नाही. केसपेपरवर गावाचं नाव होतं, भावाचा फोन नंबर होता. तिचं अर्धं राहिलेलं वाक्य त्या संध्याकाळी एका फोनवर पुरं झालं असतं. पण मला वाटत होतं की मला सगळं कळलंय. घाबरलेली बाई नवऱ्याला पाठीशी घालते. ती घाबरली असेल, मी घाबरणार नाही. मी खरं लिहीन.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहून मी देशमाने सरांच्या खोलीत नेला. शेवटची ओळ मी तीनदा खोडून नीट बसवली होती: ठिपक्यांच्या जागा पाहता डोक्यावर वारंवार झालेल्या आघातांची शक्यता सर्वाधिक, पोलिसांत नोंद व्हावी.

सरांनी आधी फोटो पाहिले. त्यांचा चेहरा उजळला. एरवी ते कुणाचं कौतुक करत नसत.

"शेजारी शेजारी लाव. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. एक आणि एकतीस. बिराजदार, एवढा फरक मी छापलेल्या पेपरांतही पाहिलेला नाही." मग त्यांनी रिपोर्ट वाचला आणि पेन उघडलं. "ही ओळ काढ."

"सर, तिनं स्वतः मला सांगितलंय."

"काय सांगितलं?"

मी सांगितलं. उशीचंही सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर फोटोवर होती.

"तू रेडिओलॉजिस्ट आहेस, फौजदार नाहीस. ठिपका दिसतो, तो लिही. ठिपक्यावर कुणाचं नाव असतं का? आणि ही ओळ राहिली तर दोन गोष्टी होतील. पोलीस केस होईल, फोटो कोर्टात जमा होतील, वर्षभर तुला स्लाइड दाखवता येणार नाही. आणि डोक्याला मार लागलेला रुग्ण आपल्या अभ्यासात बसत नाही. म्हणजे ही केस गेली."

"जाऊ दे सर."

"जाऊ दे? किती रुग्ण झाले तुझे?"

"एक्कावन्न. हिला धरून बावन्न."

"आणि मागच्या महिन्यात मी तुझे पाच बाद केले. अजून करू शकतो." हे ते रागानं म्हणाले नाहीत. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले. "तिचं भलं करायचं असेल तर तिला सांग, पोलिसांत जा. तो तिचा प्रश्न. कारण अनिश्चित, असं लिही. खोटं तर नाही ना ते?"

माझे वडील अक्कलकोट डेपोत कंडक्टर होते. मुलगी डॉक्टर, त्यातही एमडी होणार, हे त्यांनी बसमध्ये अनोळखी माणसांना सांगितलेलं होतं. मी ही गोष्ट सबब म्हणून सांगत नाही. त्या खोलीत उभी असताना डोक्यात काय होतं, ते सांगते आहे.

मी ओळ काढली. लिहिलं: मेंदूत एकतीस ठिकाणी जुन्या सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा, कायमस्वरूपी, कारण अनिश्चित. मग परवानगीच्या फॉर्ममागे जोडलेला अभ्यासाचा फॉर्म भरला. वय, लिंग, रक्तदाब. चौथा रकाना होता, डोक्याला मार लागल्याचा इतिहास. त्यात मी 'नाही' लिहिलं आणि पुढे सही केली.

तिसऱ्या दिवशी उमाकांत एकटाच रिपोर्ट न्यायला आला. मी मनात तयारी करून बसले होते. एकतीस हा आकडा वाचताना त्याचा चेहरा बघायचा होता मला. त्याला कळायला हवं होतं, की उशीच्या आडूनही दिसतं.

त्यानं रिपोर्ट उभ्या उभ्या वाचला. पुन्हा वाचला. मग विचारलं, "मॅडम, हे बरं होणारं नाही ना?"

"नाही."

"म्हणजे कायमचं. आणि विसरणं वगैरे यामुळेच?"

"असू शकतं." मी त्याच्या डोळ्यांत रोखून पाहत होते. "कशामुळे झालं असेल, काही कल्पना?"

"इथं अनिश्चित लिहिलंय ना तुम्ही," तो म्हणाला. "मॅडम, आधीच्या फोटोत हे का नव्हतं?"

मी सांगितलं. दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर लावून, पेन्सिलीनं दाखवत, जुनी पद्धत काय सोडते आणि नवी काय पकडते ते अगदी विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. तो गणिताचा मास्तर, त्यानं नेमके प्रश्न विचारले. मला वाटलं, हा आता घाबरेल, मग घाबरेल. शेवटी त्यानं रिपोर्टच्या तीन प्रती मागितल्या, प्रत्येकीवर सही-शिक्का, आणि सही केलेल्या परवानगीच्या फॉर्मची प्रत. फॉर्मला मागे जोडलेले कागदही कारकुनानं झेरॉक्स करून दिले.

जाताना हात जोडून म्हणाला, "तुम्ही फार बारीक पाहिलंत मॅडम. उपकार झाले."

त्या हिवाळ्यात पुण्याच्या परिषदेत मी पेपर वाचला. शेवटची स्लाइड कांचनची होती. डावीकडे एक, उजवीकडे एकतीस. सभागृहात लोक पुढे वाकून बघत होते ते मला मंचावरून दिसलं. पहिला क्रमांक मिळाला. वडिलांनी ती ट्रॉफी टीव्हीवर ठेवली. एप्रिलमध्ये परीक्षा झाली, मेअखेरीस निकाल लागला, मी पास झाले, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला जिल्ह्याच्या कोर्टातून समन्स आलं.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. कांचननं शेवटी धीर केला असं वाटलं. जे लिहिता आलं नाही ते आता तोंडानं सांगता येईल, असं ठरवून मी ठिपक्यांच्या जागांचा नकाशासुद्धा काढून नेला.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती भावाशेजारी बसली होती. भाऊ, दिगंबर, मंगळवेढ्याचा, ज्वारीचा व्यापारी. तिच्या मांडीवर मुलगी होती, ईश्वरी, वेणीला हिरवी रिबन. मी हसून जवळ गेले, तर कांचननं पोरीला आणखी घट्ट धरलं आणि तोंड फिरवलं.

तेव्हा माझ्या समन्सचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. मला साक्षीला बोलावणारा अर्जदार उमाकांत गवसाने होता. त्याचा अर्ज होता, की बायकोच्या मेंदूला कायमची इजा आहे, ती मूल सांभाळायला असमर्थ आहे, मुलीचा ताबा बापाकडे द्यावा.

कांचन सहा महिन्यांपूर्वीच घर सोडून माहेरी आली होती, मुलीला घेऊन. तिच्या वकिलांकडे एकच भक्कम कागद होता, मार्चचा तो खाजगी सेंटरचा रिपोर्ट. नॉर्मल. मेंदूत काही नाही.

उमाकांतचे वकील वयस्कर होते, बोलायला मऊ.

"डॉक्टर, हा रिपोर्ट तुमचा? मराठीत अर्थ सांगा."

मी सांगितला.

"तुम्ही फोटोच्या दोन पद्धतींची तुलना केलीत. किती रुग्ण?"

"साठ."

"निष्कर्ष काय निघाला?"

"नवी पद्धत सूक्ष्म रक्तस्राव जास्त दाखवते. सरासरी चौपट."

"म्हणजे जुन्या पद्धतीनं 'काही नाही' म्हटलं, तर त्याचा अर्थ?"

"काही नाही, असा होत नाही."

"या संशोधनाला पहिलं बक्षीस मिळालं. बरोबर?"

"हो."

त्यांनी मार्चचा कागद माझ्यापुढे धरला. "समोरच्या बाजूनं हा दाखल केलाय. जुनं मशीन, जुनी पद्धत. बाईंचा मेंदू ठणठणीत आहे असं यावरून म्हणता येईल?"

कांचन माझ्याकडे पाहत होती. त्या खोलीत तिनं अर्धं सोडलेलं वाक्य मला तेव्हा पुरं ऐकू आलं. तो कागद माझ्या भावाच्या वकिलांनी जपून ठेवायला सांगितलाय. त्या कागदावर माझी पोरगी माझ्याकडे राहील.

"नाही म्हणता येणार," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? ते खरंच होतं. ते सिद्ध करायला मला दोन वर्षं लागली होती.

मग कांचनचे वकील उठले. तरुण होते. "डॉक्टर, ही इजा मारहाणीनं होऊ शकते?"

"हो. मारहाणीनंच झालीय."

कोर्टात पहिल्यांदा हालचाल झाली. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मला हलकं वाटत होतं. झालं, सांगून टाकलं.

वयस्कर वकील पुन्हा उभे राहिले. घाई नव्हती त्यांना.

"हे रिपोर्टात कुठं आहे?"

"नाही. कारण अनिश्चित लिहिलंय."

"बरं. हा तुमच्या अभ्यासाचा फॉर्म. अक्षर तुमचं? चौथा रकाना वाचा."

"डोक्याला मार लागल्याचा इतिहास."

"पुढे?"

"नाही."

"सही तुमची. तारीख रिपोर्टचीच. डॉक्टर, ही माहिती तुम्ही रुग्णाला विचारून लिहिलीत ना? का न विचारताच?"

मागच्या बाकावर देशमाने सर बसले होते. मी साक्षीला जाणार म्हणून कॉलेजनं त्यांना पाठवलं होतं. ते माझ्याकडे पाहतही नव्हते, घड्याळ बघत होते. विचारूनही खोटं लिहिलं असं म्हटलं, तर थिसिस गेला. थिसिस गेला की नुकतीच हातात पडलेली पदवी गेली. वडील बसमध्ये काय सांगतील, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

"विचारून लिहिली," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही विचारलंत, आणि बाई नाही म्हणाल्या."

"हो."

"मग मारहाणीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. फोटोवरून वाटलं."

"अंदाज."

"अंदाज."

ते बसले. कांचनचे वकील उठलेच नाहीत.

त्याच दुपारी हुकूम झाला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत मुलगी वडिलांकडे. आईनं महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, शाळेच्या आवारात, दोन तास भेटावं. व्हरांड्यात उमाकांतनं गुडघ्यावर बसून ईश्वरीच्या चपलेचा बंद लावला आणि तिला उचलून घेतलं. पोरगी रडत नव्हती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ती आईला "टाटा" म्हणाली.

मी जिन्यापाशी उभी होते. कांचन सरळ माझ्यासमोर आली. दिगंबर तिला मागे ओढत होता, पण तिनं हात सोडवून घेतला.

"तुम्ही मला विचारलं होतंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी सांगितलं होतं तुम्हाला. उशीचं. कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मी पुष्कळ विसरते मॅडम, ते खोटं नाही. पण हे मला आठवतंय."

तिनं वाट पाहिली. खरंच वाट पाहिली, मी काही बोलेन म्हणून. मग जिना उतरून गेली.

देशमाने सर गाडीत म्हणाले, "बरं निभावलंस."

याला आता अकरा वर्षं होतील. जिल्ह्याच्या ठिकाणी माझं स्वतःचं सेंटर आहे, नवं मशीन आहे. नवी पद्धत आता सगळेच वापरतात, कुणी तुलना करत नाही.

गेल्या वर्षी एका आरोग्य शिबिरासाठी मंगळवेढ्याला गेले होते. परतताना ज्वारी घ्यायची म्हणून बाजारपेठेत थांबले. दुकानाची पाटी वाचली असती तर आत गेले नसते. गल्ल्यावरची बाई पोतं उघडून दाखवत होती, मी मूठभर दाणे हातात घेतले होते, आणि आत सुपात ज्वारी पाखडत बसलेली बाई कांचन होती. केस निम्मे पांढरे. चाळिशीचीच असेल.

मी ओळखलं हे गल्ल्यावरच्या बाईच्या लक्षात आलं. "नणंद आहे माझी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "डोक्याचं दुखणं आहे तिला. पोरगी नवऱ्याकडे असते. कोर्टानं शनिवार ठरवून दिले होते, पण हिला वार कुठं लक्षात राहतो? रविवारी जाऊन बंद शाळेपुढे बसायची. बुधवारीसुद्धा गेलीय. कोर्टानं म्हटलं, आई भेटायला येतच नाही. मग तेही बंद झालं."

"घरच्या कुणी आठवण नाही केली?"

"करत होते की सुरुवातीला. किती दिवस करणार? दुकान आहे, पोरं आहेत." तिनं तराजूत माप ओतलं. "पाच किलो करू?"

कांचन सूप ठेवून उठली. पदर सारखा करत माझ्याजवळ आली. मी पळून जायला हवं होतं, किंवा पाया पडायला हवं होतं. दहा वर्षं मी मनात जे बोलत आले होते, ते सगळं एकदम आठवलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, आणि तिचा चेहरा फुलला.

"बाई, तुम्ही आलात? ईश्वरीच्या वर्गशिक्षिका ना तुम्ही?"

तिची भावजय काही बोलणार होती. मी तिच्या आधी म्हणाले, "हो."

"बसा ना. उन्हातनं आलात." तिनं स्वतःच्या पदरानं स्टूल पुसलं. "कशी आहे हो ती? अभ्यास करते?"

"करते. हुशार आहे."

"गणितात?"

"गणितात जरा कमी. मराठीत चांगली आहे."

ती हसली. "असू दे, गणित नाही आलं तरी चालेल. आणि जेवणाचा डबा? खाते का सगळा?"

"खाते."

"तिला माझं सांगता का तुम्ही कधी?"

"सांगते."

"सांगत जा," कांचन म्हणाली. "म्हणावं, आई शनिवारी येणार आहे." मग जरा गोंधळून तिनं रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "बाई, आज कुठला वार?"

त्या दिवशी शनिवार होता.

"मंगळवार," मी म्हणाले.